शिंपीणबाईंची कात्री

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई आणि त्यांचे यजमान शेजारी शेजारी बसले होते. यजमानांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत बाईंची कात्री. ती घरी एकटी ठेवायचाही यजमानांना धीर होत नसे.

काही महिन्यांपूर्वी बाईंच्या पायात रक्ताची गुठळी झाली आणि ती थेट फुप्फुसात गेली. जिवावर बेतलं होतं, पण निभावलं. तेव्हापासून रक्त पातळ करणारी गोळी रोज सुरू होती. डॉक्टर म्हणाले होते, कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, जपून काम करा. यजमानांनी त्यातलं 'जपून' तेवढं उचललं आणि 'काम करा' सोयीस्करपणे सोडून दिलं. सुया कपाटात गेल्या, दुकानाला कुलूप लागलं. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळायला लागली होती आणि बाईंचा जीव तुटत होता. आज काहीही झालं तरी कात्री परत मिळवायचीच, असं ठरवून त्या आल्या होत्या.

पेशंटांची मतं विचारत फिरणारी एक मुलगी त्यांच्यापाशी आली. यजमानांच्या बोटांना भाजी चिरताना झालेल्या पराक्रमाच्या पट्ट्या होत्या. त्या बघून ती सरळ त्यांच्याच समोर बसली.

"काका, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारायचंय. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूप. सुरुवातीला रक्तस्रावाची भीती किती वाटत होती?"

"पाच."

"आणि आता?"

"आताही पाच. सहा असेल तर सहा लिहा."

"रोजच्या कामात किती अडचण येते?"

"पाच. स्वयंपाक, धुणीभांडी, सगळं अंगावर पडलंय."

बाई हसू दाबत गंमत बघत राहिल्या.

"गोळी घ्यायला कधी विसरता?"

"मी विसरू देईन होय तिला?"

मुलीचं पेन थांबलं.

"गोळ्या मी घेते, बाळ," बाई म्हणाल्या. "हे नुसते घाबरतात."

मुलीने जीभ चावली आणि नवा कागद काढला. बाईंची भीती सुरुवातीला चार होती, आता एक.

"आणि कामात अडचण?"

"गोळीची एक. यांची पाच."

यजमानांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मग खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी तू जमिनीवर पडली होतीस. मला हाक मारायलासुद्धा तुला श्वास पुरत नव्हता. ते डोळ्यांपुढून जात नाही गं."

बाईंना भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस असं कधी बोलला नव्हता.

"म्हणून तर रोज गोळी घेते ना मी," त्या म्हणाल्या. "पण हात बांधून नुसतं बसायला नाही वाचले मी. आणा ती कात्री इकडे."

मुलगी उगाचच कागद चाळू लागली. यजमानांनी पिशवीतून कात्री काढली, टोक आपल्याकडे ठेवून मूठ बाईंपुढे केली. बाईंनी ती दोनदा उघडमीट करून पाहिली. मग नवऱ्याचा हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या पट्टीचं लोंबणारं टोक कात्रीत धरलं.

"हलू नका," त्या म्हणाल्या.

यजमानांनी डोळे घट्ट मिटले, पण हात मागे घेतला नाही.