नेरुमा : उगम, अर्थ, प्रसार

अकराला सुनावणी होती. पावणेअकराला मालकांनी नावबाईंना तिसऱ्यांदा तेच बजावलं.

"बाई, आज मऊ पडायचं नाही."

"मी कशाला मऊ पडेन?"

"तुम्ही माशी मारायच्या ऐवजी खिडकी उघडून देता. सव्वीस वर्षं बघतोय."

नावबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मालक म्हणजे छापखान्याचे मालक. गल्लीच्या टोकाला दोन यंत्रं, एक कागद कापायचं मशीन आणि खळीचा कायमचा वास, एवढाच त्यांचा पसारा. त्यांचं चालणारं पुस्तक एकच, मुलींच्या नावांचं, आणि ते नावबाईंनी केलेलं. नववीत शाळा सुटलेली ही बाई प्रुफं तपासायला म्हणून आली आणि नावं गोळा करत बसली. शाळांचे जुने हजेरीपट, लग्नाच्या पत्रिका, दवाखान्याच्या याद्या, जिथे मिळेल तिथून. प्रत्येक नावापुढे तीन रकाने: उगम, अर्थ, प्रसार. प्रसाराखाली 'सर्वत्र', 'बरा' किंवा 'विरळ'. एवढं करून कव्हरवर त्यांचं स्वतःचं नाव काही आलं नाही. पुढच्या आवृत्तीत टाकू, असं मालक पाच आवृत्त्या म्हणत होते.

आणि गेल्या वर्षी एका मोठ्या प्रकाशनाने गुळगुळीत कागदाचं जाडजूड पुस्तक काढलं. कव्हरवर एका प्राध्यापकांचं नाव आणि फोटो. आत नावबाईंची दोन हजार तीनशे नावं, ओळीने, त्यांनी केलेल्या चुकांसकट. पण नावं काय, कोणाचीही असतात. चोरी सिद्ध करायची तर हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे सापळा.

सापळा ही मालकांची जुनी युक्ती. दर आवृत्तीत जगात कुठेच नसलेलं एक नाव घालायचं. उचलणारा डोळे मिटून सगळं उचलतो, त्यात तेही उचलतो आणि तिथेच अडकतो. ते नाव कागदावर लिहून, लिफाफा बंद करून मालक तो रजिस्टर पोस्टाने स्वतःलाच पाठवत आणि न फोडता कपाटात ठेवून देत. पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा. एकोणीस वर्षांपूर्वीच्या तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी नाव बनवून, लिफाफा बंद करून द्यायचं काम त्यांनी नावबाईंवर सोपवलं, आणि ते नाव होतं नेरुमा. प्राध्यापकांच्या पुस्तकात ते एकशे बाराव्या पानावर जसंच्या तसं येऊन बसलं होतं.

"एवढंच म्हणायचं," मालक म्हणाले, "हे नाव मी बनवलं. खोटं आहे. झालं. मग कव्हरवर तुमचं नाव. या खेपेला अगदी नक्की."

"आणि त्यांचा वकील कोणी साक्षीदार आणणार होता, तो?"

"आणू दे की. साक्षीदार येऊन नाव खरं करणार आहे का?"

नावबाईंना पाणी हवं होतं. त्या उठून कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याच्या मशीनपाशी गेल्या. शेजारच्या बाकावर एक आजी काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या आणि जवळ सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी उभी होती.

"निळं बटण दाबू नका मावशी," मुलगी म्हणाली. "त्यातूनही गरमच येतं. मी बघितलं."

"मग थंड कुठून येतं?"

"येतच नाही." मग नावबाईंकडे निरखून पाहत ती म्हणाली, "तुमचा चष्मा एका बाजूला कललाय. द्या बघू इकडे." आणि खिशातून बोटाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढून ती कामाला लागलीसुद्धा. "मी चष्म्याच्या दुकानात असते. दांडीचा स्क्रू ढिला झालाय. तुम्ही एका हाताने काढता ना चष्मा?"

"हो."

"सगळेच काढतात."

चष्म्याशिवाय नावबाईंना तिचा चेहरा धूसर दिसत होता. "तुम्ही कशासाठी आलात इथे?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"माझं नाव खरं आहे हे सांगायला. कोणीतरी म्हणतंय म्हणे, असं नावच नाही."

"मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय," आजी म्हणाल्या. "पण माझं कोण ऐकतं. औषधाच्या गोळीचं नाव वाटतं. जेवणानंतर एक."

"आजी."

"झोपताना एक."

"ही मला नावाने हाकच मारत नाही," मुलगी हसत म्हणाली. "नुसतं 'ए'. सतरा वर्षं आईचं आणि हिचं यावरूनच चाललंय. आई म्हणते, पुस्तकात आहे. ही म्हणते, पुस्तकात काय, वाटेल ते छापतात."

नावबाईंना कळलं होतं. पुढचं विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "काय नाव?"

"नेरुमा." आणि पाठ केलेलं म्हणावं तसं तिने लगेच पुढचं म्हटलं, "जुन्या दर्यावर्दींच्या बोलीतून. अर्थ, धुक्यात किनाऱ्यावरून मारलेली हाक. प्रसार विरळ. विरळ कसलं, मी इतकं शोधलं, दुसरी एकसुद्धा सापडली नाही."

प्रत्येक शब्द नावबाईंनी मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हटला.

"मी वेळेआधी जन्मले ना, तीन आठवडे काचेच्या पेटीत होते. आईला हातसुद्धा लावू देत नव्हते. ती बाहेरून हाका मारायची. हाक मारायला नाव तर हवं, म्हणून तिने कोणाचं तरी पुस्तक मागून घेतलं. अर्थ वाचला आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तिला आज सुट्टी नाही मिळाली, नाहीतर तीच आली असती भांडायला. घ्या. बघा आता."

नावबाईंनी चष्मा लावला. मुलीचा चेहरा लख्ख दिसला. सांगायचं तर आत्ताच, असं वाटलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात शिपायाने दार उघडून सगळ्यांना आत बोलावलं.

खोली लहानशी होती. लांब टेबल, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. टेबलाच्या टोकाला निवृत्त न्यायाधीशबाई, ज्यांना दोन्ही बाजूंनी मिळून लवाद म्हणून नेमलं होतं. नावबाईंनी शपथ घेतली. खुर्चीवर बसताना त्यांनी मुलीकडे पाहायचं टाळलं, पण या बाईंना कोण म्हणून बोलावलंय हे मुलीला आता कळलं होतं. ती डोळे मोठे करून बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट आनंदच होता. पुस्तक करणारी बाई. ही तर आपल्याच बाजूने सांगणार.

समोरचा वकील गोड बोलणारा होता. त्याने जन्मदाखला टेबलावर ठेवला.

"तुमचं म्हणणं, हे नाव जगात नाही. आम्ही ते घेऊन आलोय. दोन पायांवर चालत आलं."

"दाखला तिसऱ्या आवृत्तीनंतरचा आहे," मालक म्हणाले. "आमच्याच पुस्तकातून घेतलंय त्यांनी."

"असेल ना, मी कुठे नाही म्हणतो. पण पुस्तकात ते आलं कुठून?" वकील नावबाईंकडे वळला आणि आवाज आणखी खाली आणला. "बाई, तुम्ही हजारो नावं वाचलीत. कुठल्या तरी फाटक्या यादीत हेही वाचलं असेल, डोक्यात राहिलं असेल आणि पुढे वाटलं असेल की आपलंच आहे. माणूस विसरतो. असं झालं असेल, नाही का?"

पंखा कुरकुरत होता. मालकांनी पेनाचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

असेल. तीन अक्षरी शब्द. तेवढं म्हटलं की मुलगी जशी आली तशी घरी जाईल, आईने सतरा वर्षं सांगितलं ते खरं ठरेल आणि आजींचं तोंड बंद होईल. आपलं पुस्तक प्राध्यापकांच्या नावावर चालत राहील, तर राहील. इतकी वर्षं कव्हरवर आपण नव्हतोच.

मुलीने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. सांगा ना, अशी.

नावबाईंनी 'असेल' म्हणायला तोंड उघडलं आणि जीभ वळेना. कुठल्या तरी फाटक्या यादीत. पडलेलं, सापडलेलं, कोणाचंच नसलेलं. इतर कुठल्याही नावाबद्दल त्या हे सुखाने म्हणाल्या असत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते मी बनवलं."

"बघ," आजी हळूच म्हणाल्या.

मुलीचा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं.

"आणि अर्थ?" वकिलाने विचारलं.

"तोही."

"दर्यावर्दी?"

"तेही मीच."

मालकांनी कपाटातला लिफाफा पुढे केला. न्यायाधीशबाईंनी पोस्टाचा शिक्का तपासला, तारीख लिहून घेतली आणि पट्टीने तो फोडला. मालकांना एका ओळीचा कागद अपेक्षित होता. आतून घडी केलेले चार कागद निघाले.

"हे काय आता?" मालक पुटपुटले.

नावबाई कानापर्यंत लाल झाल्या. एकोणीस वर्षांपूर्वी आपण लिफाफ्यात काय काय कोंबलं होतं हे त्यांना आत्ता आठवलं.

न्यायाधीशबाई मोठ्याने वाचू लागल्या. "दिवस पहिला. मालक म्हणतात, कोणी ठेवणार नाही असं काहीतरी वेडंवाकडं घाला. पण समजा ठेवलंच एखादीने, तर त्या पोरीने जन्मभर काय करायचं? दिवस तिसरा. आधीची चार नावं खोडली. दिवस चौथा. जिन्याच्या वरून हाक मारून पाहिली. मध्ये तुटत नाही. खालपर्यंत जातं." त्यांनी पान उलटलं. "दिवस सहावा. रागाने मारून पाहिली. नीट रागावता येत नाही. हे बरं की वाईट, कळत नाही. दिवस आठवा. तापातून उठवताना मारतात तशी, हळू. चांगलं लागतं. दिवस दहावा. गर्दीत हरवली तर? बाजारात जाऊन ओरडायचं धाडस झालं नाही. दिवस अकरावा. घरात ओ द्यायला कोणी नाही, त्यामुळे पुरतं कळायचं नाही. आता देऊन टाकते."

मालक पेनकडे बघत होते.

"बाकीच्या नावांनाही असंच केलंत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही हो. ती रोज संध्याकाळी पन्नास-पन्नास उतरवून काढली. हे एकच." नावबाईंनी पर्सचा बंद चाचपला. "सापळा वाईट करायचा असतो. माझ्याने वाईट झाला नाही. त्यात चोराच्या आधी एक आई सापडली."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुलगी उठून बाहेर गेली होती.

पुढचं नावबाईंनी अर्धवट ऐकलं. बाईंनी घरबसल्या रचलेली दर्यावर्दींची बोली प्राध्यापकांना शब्द न शब्द कशी अवगत झाली, असं न्यायाधीशबाई विचारत होत्या आणि वकील फाइलमध्ये काहीतरी शोधत होता, जे तिथे नव्हतं. निकाल दोन आठवड्यांनी लेखी. "जिंकलो," मालक कानाशी म्हणाले. नावबाई तोवर दारापर्यंत पोचल्या होत्या.

मुलगी खिडकीशी होती. आजी काठी टेकत मागोमाग आल्या आणि बाकावर बसल्या.

"मघाशीच का नाही सांगितलंत?" मुलीने विचारलं. आता 'मावशी' नव्हतं. "पाणी पिताना?"

"धीर झाला नाही."

"मी तुमचा चष्मा नीट करून दिला."

"हो."

"मी शाळेत त्या दर्यावर्दींवर भाषण केलं होतं. पहिला नंबर आला होता. होते तरी का ते?"

"दर्यावर्दी असतात गं. त्यांची बोली मला येत नाही. तेव्हा मी समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता."

मुलीच्या तोंडावर हसू यायला झालं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "आजपासून मला त्या नावाने कोणी हाक मारायची नाही. दुसरं घेईन एखादं. खरं असलेलं."

यावर नावबाईंच्या पुस्तकात काही नव्हतं.

"अकरा दिवस?" आजी मध्येच म्हणाल्या. जिंकल्यासारख्या त्या मुळीच दिसत नव्हत्या. "खरंच अकरा दिवस घालवलेत?"

"हो."

"हिच्या बापाचं नाव मी अर्ज भरताना ठरवलं. मागे रांग होती."

मुलीने फोन काढला, आकडे दाबले, स्पीकर लावला आणि फोन नावबाईंच्या हातात दिला. "आईला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार. तिच्यात आणि हिच्यात रोज संध्याकाळी जे व्हायचं ते होईल, त्याआधी तिला नीट कळू दे."

घंटी वाजत राहिली. तीनदा, चारदा. कोणत्या शब्दापासून सुरुवात करायची? नमस्कार, मी पुस्तकवाली? तुमची मुलगी सुखरूप आहे, पण?

मग फोन उचलला गेला. मागे यंत्रांचा खडखडाट, लोकांचे आवाज, आणि त्या सगळ्यावरून ऐकू जावा म्हणून उंच काढलेला एका बाईचा आवाज.

"नेरुमा?"

नावबाईंनी ते नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून हाक म्हणून कधीच ऐकलं नव्हतं. यंत्रांच्या आवाजातही ते मध्ये तुटलं नाही.

"ओ," मुलगी म्हणाली.

म्हणाली नाही, तिच्या तोंडून गेलं. ती स्वतःच दचकली, ओठ मिटून खिडकीबाहेर बघू लागली. तिचे कान लाल झाले होते.

"दिली बघा ओ," आजी काठीला म्हणाल्या.

"नेरुमा, काय झालं गं? काय म्हणाल्या त्या पुस्तकवाल्या बाई? बोल ना," फोनमधून येत होतं.

नावबाईंनी फोन खिडकीत ठेवला, दोन्ही हातांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग घसा साफ करून फोन उचलून तोंडाजवळ धरला.