वाढत्या अंगाचा झगा

माळावरच्या त्या मोठ्या घराचा दिवाणखाना उद्यापासून पाहुण्यांना खुला होणार होता. सूनबाईनं जिवाचं रान करून घराण्याचे जुने कपडे मांडले होते. आजेसासऱ्यांचा शिकारीचा कोट, चुलतसासूची लग्नातली शाल, कसरीनं पार चाळण केलेली. म्हातारीनं सगळ्याला मान डोलावली. लेकीचा निळा झगा देताना मात्र तिचा हात मागं मागं येत होता.

"मांड बाई. पण आहे तसा मांड."

"आहे तसाच, आई. काळजी कशाला करता?"

लेक सातव्या वर्षी गेली. तिचं एकही चित्र घरात नव्हतं. खांद्यापासून घेरापर्यंत तो झगा, तेवढीच तिची उंची उरली होती. म्हातारी कधीमधी तो पलंगावर पसरायची आणि शेजारी आडवी व्हायची.

झगा तिनंच शिवलेला, वाढत्या अंगाचा. घेराला आतून तीन दुमडी घातल्या होत्या. पोर उंच झाली की एकेक उसवायची. शिवताना लेक मांडीला बिलगून बसायची आणि आई गुणगुणायची,

गुडघ्याला पहिली, पोटरीला दुजी,
घोट्याला तिसरी, तोवर तू माझी.

पहिलीसुद्धा उसवायची वेळ आली नाही.

दिवेलागणीला सूनबाईनं तिला हाताला धरून आणलं. "बघा, कशी दिसतेय तुमची लेक!"

काचेपलीकडं उंच, गोरापान पुतळा उभा होता. झगा त्याच्या घोट्यापर्यंत आला होता. विटक्या निळ्यावर तीन गर्द निळे पट्टे, ऊन कधी न पाहिलेले.

"दुकानात पुतळे एकाच मापाचे हो. झगा मेला मांड्यांवरच राहायला लागला. मग त्या दुमडी दिसल्या. म्हटलं, देवानंच सोय केली!" सूनबाई हसता हसता थांबली. "आई, काही चुकलं का?"

"केवढी झाली गं," म्हातारी म्हणाली. "मला ओळखूच येईना."

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं घाईघाईनं झगा उतरवला, सुई ओवून हातात दिली. म्हातारीनं जुन्या टाक्यांची भोकं बोटानं चाचपली, पहिली दुमड धरली. ओठ आपोआप हलू लागले. टाका ओढला तसं कापड चिरलं. जरा बाजूला घातला, तिथंही चिरलं. वाळल्या पानागत झालं होतं ते. गाणं 'तोवर'पाशी अडलं.

"राहू द्या, आई. उद्या शिंप्याला बोलावते."

"शिंपी काय करणार? त्यानं कुठं बघितलीय तिला?"

तिनं सुई परत केली. झगा पुन्हा पुतळ्याला घालायला लावला.

"फाटलेली बाजू भिंतीकडं कर."

दाराशी ती थबकली. मागं न बघताच म्हणाली, "उद्या कुणी विचारलं तर सांग, पोरगी उंच होती म्हणून."