पालकांनी पाल्याच्या जागी बसावे

पालकसभा म्हणजे पाच मिनिटांत मूल गुंडाळून आईच्या हातात देण्याचा कार्यक्रम, असं तिचं ठाम मत होतं. पहिलीतल्या पोराबद्दल सांगून सांगून सांगणार काय? ‘हुशार आहे पण दंगा करते’, नाहीतर ‘दंगा करत नाही पण हुशार आहे’. म्हणून मागच्या दोन सभांना तिने सरळ टांग मारली होती. शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून तिथे नंदीबैलासारखी मान कोण हलवत बसणार?

या वेळी मात्र शाळेची चिठ्ठी आली. मुलीला पुन्हा पहिलीतच ठेवायचं ठरतंय, पालकांची सही हवी.

“जा, पण भांडू नकोस,” नवरा म्हणाला.

“पाच मिनिटांत भांडण तरी कसलं होतंय!”

वर्गाच्या दारावर कागद चिकटवला होता: पालकांनी पाल्याच्या जागी बसावे. झालं, थेरं सुरू! एका बापाचा पाय बाकात असा अडकला की दोघांनी ओढून काढला. एक आई, कुणी विचारलं नसताना, मुलाचा बक्षिसाचा फोटो सगळ्यांच्या नाकासमोर नाचवत होती. तिची लेक, घरातली मुंगी, वर्गात सगळ्यात बुटकी, तरी हजेरीच्या क्रमाने शेवटच्या कोपऱ्यात. बाकापुढे एक ठेंगणं कपाट, त्यावर तपासायच्या वह्यांची ही चळत. गुडघे पोटाशी घेऊन ती बसली आणि मनातल्या मनात तिने सगळ्या शाळेचा उद्धार केला.

“एकोणतीस नंबरचे पालक!”

नाव ठेवायला आम्ही तीन महिने घालवले, म्हणे एकोणतीस नंबर.

“मुलगी गोड आहे हो,” बाईंनी कागदावरून वाचलं, “पण आळशी. फळ्यावरच्या तीन ओळी उतरवते आणि पेन्सिल ठेवून देते. रोज. बघा ना.”

वही उघडली. प्रत्येक पानावर तीन ओळी, मोत्यासारख्या. खाली पान कोरं. ही वही तिने घरीही पाहिली होती. “तीनच? हात मोडले का तुझे?” असं खेकसलीही होती.

“सही इथे. पाच मिनिटं होत आली, ताई.”

ती पानं उलटत राहिली. तीन, तीन, तीन. कंटाळलेलं पोर कधी दोन लिहील, कधी पाच. दुकानात सगळेच कपडे सारखेच आखूड निघाले, तर ती कापडाला नाही, मापाच्या टेपेला दोष द्यायची.

ती उठली, शेवटच्या बाकाशी गेली आणि मुलीच्या अंगातल्या फ्रॉकची उंची मापायला बसते तशी गुडघ्यांवर बसली. मुंगीची उंची तिच्या हातांना पाठ होती. डोळे बरोबर तेवढ्यावर आणले.

फळ्याच्या वरच्या तीन ओळी दिसल्या. खाली नुसती वह्यांची चळत.

“बाई, जरा इकडे या. अशा बसा.”

“अहो, पुढचे पालक खोळंबलेत!”

“खोळंबू देत. माझी पोर वर्षभर खोळंबणार आहे.”

बाई चेहरा आंबट करून आल्या, इस्त्रीचे कपडे सांभाळत खाली बसल्या. बराच वेळ उठल्याच नाहीत.

“पण मग ती बोलली का नाही?”

“सहा वर्षांची आहे. तिला वाटलं असेल, फळा एवढाच असतो.”

वर्षभर तिथेच रचत आलेल्या वह्या बाईंनी स्वतःच उचलून खाली ठेवल्या. सहीच्या कागदावर आडवी रेघ मारली. मग हळूच म्हणाल्या, “मागच्या सभांना आला असतात तर...”

तिखट उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. ते तिने गिळलं.

मुंगी बाहेर पायरीवर बसली होती. “आई, सही केलीस?”

“नाही. तू दुसरीत जाणार.”

“मग मी आळशी नाही?”

आईने तिला चटकन कडेवर घेतलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं, पोरीला आपला चेहरा दिसू नये म्हणून.