सूट कोणाकोणाला

मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या राज्याच्या विधानसभेचा दरवान, वय अठ्ठेचाळीस. यादवीचं चौथं वर्ष होतं आणि उत्तरेकडच्या यांकी फौजेच्या तोफा आता सभागृहात ऐकू यायला लागल्या होत्या. त्या दिवशी विधेयक एकच होतं: पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक पुरुषाने बंदूक घेऊन आघाडीवर जायचं.

"एकमताने मंजूर करा!" आमदार लॅथ्रप टेबलावर मूठ आपटून गरजले. "फक्त एक बारीकशी दुरुस्ती. आमदारांना सूट."

ती मंजूर झाली आणि मग रांगच लागली. एकाचा जावई वर्तमानपत्र काढायचा, म्हणून संपादक सुटले. एकाचा भाऊ औषधं विकायचा, म्हणून औषधवाले सुटले. ज्याच्या मळ्यात वीस गुलाम राबतात तो मालकही सुटला, कारण तो गेला तर त्यांच्यावर नजर कोण ठेवणार! राबायचं त्या वीस जणांनी आणि दमायचं याने.

संध्याकाळी सभापतींनी सगळी यादी वाचली आणि चष्मा काढला. "अहो, मग जायचं कोणी?"

"जनतेने!" लॅथ्रप म्हणाले.

"कुठल्या जनतेने? एखादं नाव तरी सांगा."

मग एकेक मान दाराकडे वळली.

चार वर्षं मी यांची दारं उघडतोय, कोट टांगतोय, पिकदाण्या धुतोय. "ए दरवान" याखेरीज मला कोणी कधी हाक मारली नाही. त्या दिवशी सभापतींनी टाक शाईत बुडवला आणि अगदी गोडीने विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय हो?"