गारवानाथ आणि बनाबाईच्या कोंबड्या

मे महिन्याची दुपार होती. कवठे महांकाळच्या पूर्वेला आमची वाडी, तिथल्या देवीच्या देवळापुढे शंभरेक माणसं उन्हात ताटकळत उभी होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या काखेत एक पांढरी कोंबडी होती. पंख पाडलेली, चोच उघडी टाकून धापा टाकणारी. ओवरीत गारवानाथ महाराज मांडी घालून बसले होते, शेजारी त्यांचा चेला. मी शाळामास्तर. सुट्टी होती म्हणून बघायला गेलो होतो.

"हिमालय का बरफ, काशी की गंगा, उतर जा, उतर जा," असं पुटपुटत महाराजांनी हरणाबाईची निपचित कोंबडी उचलली आणि गाभाऱ्याशेजारच्या अंधाऱ्या कोठीत नेली. दारावर काळं घोंगडं पडलं. अर्ध्या तासाने कोंबडी बाहेर आली ती चोच मिटून, टुकटुक बघत, आपल्या पायांनी. लोकांनी हात जोडले. हरणाबाई रडायला लागली, कारण तिच्या बारा कोंबड्यांतल्या आठ आधीच मेल्या होत्या.

दुष्काळ सरल्यावर या सुधारित कोंबड्या सरकारी योजनेतून घरोघर आल्या होत्या. मग खुराड्यावर पत्रा घालायची टूम निघाली. ज्याच्या खुराड्याला पत्रा नाही, त्याची सोयरीक कशी जुळणार, इथपर्यंत मजल गेली. एप्रिलपासून पटापट कोंबड्या मरू लागल्या आणि गुळाला मुंगळा लागावा तसे महाराज येऊन चिकटले. त्यांची आज्ञा अशी: दुपारी खुराड्याचं दार घट्ट लावायचं, म्हणजे उष्णदैत्य आत शिरत नाही. दिवस मावळेपर्यंत कोंबडीला पाणी दाखवायचं नाही. आणि देवीच्या अभिषेकाला घरटी एक घागर रोज. बायका कोसभरावरच्या विहिरीतून ती आणत होत्या. कोठीत नेऊनही जी कोंबडी मरे ती म्हणे देवीने मान्य करून घेतली. संध्याकाळी देवळामागून खमंग मसाल्याचा वास यायचा, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

महाराज येऊन तो चौथा दिवस होता, आणि त्या दुपारी त्यांना गुन्हेगार हवा होता. "जिची एक बी कोंबडी मेली न्हाई, तिनंच करणी केलीया," ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना बनाबाईकडे वळल्या. जन्मभर मेंढरं राखलेली एकटी विधवा. तिच्या अकराच्या अकरा कोंबड्या जिवंत होत्या. तिचा पुतण्या नानासो, पलटणीतून हवालदार होऊन आलेला, तोच पुढे झाला. "पत्रा घालताना हीच म्हनली हुती, भाजून मरतील म्हनून. हिच्याच तोंडातनं निघालं."

निकाल लागला. दिवेलागणीच्या आत बनाबाईने वाडी सोडायची, कोंबड्या देवीला. कुणीतरी तत्परतेने तिचं गाठोडं रस्त्यावर आणून टाकलं.

"ह्या वयात कुटं जाऊ रं नानासो?" तिने विचारलं.

तेवढ्यात हरणाबाईची कोंबडी माझ्या पायाशी आली. तिच्या बोटांना ओली वाळू चिकटली होती. उचलून बघितली तर पोटाखालची पिसंही भिजलेली. घशाला कोरड पडली तरी तांब्याभर पाणी मागायची लाज वाटावी, असे ते दिवस होते.

"महाराज, आत पाणी कुठलं?" मी विचारलं.

"गंगा हाय ती. पापी मानूस आत गेला तर डोळं जातील."

"जाऊ देत. चष्म्याचा खर्च वाचेल," असं म्हणून मी घोंगडं ओढलं.

आत वीतभर ओली वाळू पसरली होती. पश्चिमेच्या झरोक्यावर भिजलेली पोती टांगली होती आणि त्यातून गार वारा येत होता. भिंतीला ओळीने आमच्याच घागरी आणि कोपऱ्यात हाडांचा ढीग, त्यावर माश्या. मी नानासोला आत ओढलं. एका घागरीवर त्याच्याच बायकोचं, विजयमालाचं, नाव कोरलेलं होतं. त्याने पोत्याला हात लावला.

"पलटणीत पान्याच्या बाटलीवरचं कापड आमी भिजवून ठेवायचो, गुर्जी," तो हळूच म्हणाला. "पानी गार ऱ्हायाचं."

"मग त्या बाटलीत काय बाबा बसला होता का?"

मी सगळ्यांना बनाबाईच्या घरामागच्या परड्यात नेलं. बाभळीच्या सावलीत कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं, त्यावर ओलं पोतं, कडेला खापरात पाणी.

"ह्यात काय हाय?" बनाबाई म्हणाली. "भांडी इसळल्यालं पानी पोत्यावर वततीया. कोकरास्नी असंच जपायचो आमी. चार घरी जाऊन सांगितलं, पर कोन ऐकतंय?"

मी लोकांना तिथेच समजावलं. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकून ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. तापल्या पत्र्याखाली, दार लावून, पाण्यावाचून ती शिजते. ओल्या पोत्यातून वारा आला की मडक्यातल्या पाण्यासारखी तिथली हवा गार होते. महाराजांनी आधी कोंबड्या मरायची सोय केली आणि मग आमच्याच बायकांनी डोक्यावरून आणलेल्या पाण्याने त्यातल्या चार वाचवून दाखवल्या. हे ऐकवायला मी देवळात परतलो, तर महाराज चेल्यासह पसार झाले होते. जाताना दोन कोंबड्या घेऊन गेले.

"काकू, चुकलं माजं," नानासो म्हणाला.

"माजं ऱ्हाऊ दे. तुज्या खुराड्याचं दार उघड आदी."

त्याने उघडलं. दोन मेल्या होत्या, बाकीच्या धडपडत पाण्याकडे धावल्या. गर्दी आपापल्या खुराड्यांकडे पांगली. रस्त्यावरचं गाठोडं उचलायला कुणी थांबलं नाही. बनाबाईनेच ते वाकून उचललं, धूळ झटकली आणि घरात नेलं.

बाबा भामटा होता, त्याचं पोट त्यावरच चालत होतं. मला किळस आली ती आमची. आम्हाला सगळं ठाऊक होतं, तरी एका लफंग्याने सांगितलं म्हणून आम्ही पाखरांना भाजत बसलो, आणि जिने आधी सावध केलं तिलाच हाकलायला निघालो. वाचकहो, शेजाऱ्याच्या कोंबड्या जगल्या तर त्याच्या दारात जा आणि काय करतोस ते विचारा. उत्तर मिळालं की आपल्या घरी करून बघा. एवढं जरी आम्ही एप्रिलात केलं असतं, तरी हरणाबाईच्या आठ कोंबड्या आज अंडी देत असत्या, आणि बनाबाईला आमच्यापैकी कुणाचं तोंड बघताना मान फिरवावी लागली नसती.