डोळखांबचा सूत्रकृमी

२००२च्या पावसाळ्यानंतर सापगावची नम्रता डोळखांबजवळच्या पाड्यांवर माती गोळा करत फिरत होती. ठाण्याच्या एका कॉलेजात ती सूत्रकृमींवर, म्हणजे मातीतल्या नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतांवर, संशोधन करत होती. बुधी नावाच्या म्हातारीने तिला आपल्या वरकसाचा, म्हणजे डोंगरउतारावरच्या शेताचा, एक कोपरा दाखवला. तिथली नाचणी दरवर्षी खुरटायची. कुदळही बुधीनेच मारली.

त्या मातीत सापडलेल्या कृमीच्या तोंडाची ठेवण कशाशीच जुळेना. दीड वर्ष नम्रताने नर-मादी वेगळे करून मोजले, सूक्ष्मदर्शकातून बघून चित्रं काढली. जाती नवी होतीच, तिच्यासाठी प्रजातीही, म्हणजे जातीच्या वरची पायरीही, नवी मांडावी लागणार होती. मार्गदर्शक पाळंदे सर खूश झाले आणि सगळे कागद घेऊन गेले.

शोधनिबंध छापून आला तो एकट्या सरांच्या नावावर. चित्रं नम्रताची. शेवटी, माती गोळा करायला मदत केली म्हणून तिचे आभार. आणि कृमी सापडल्याचं ठिकाण दिलं होतं, कॉलेजची बाग.

नावाचा राग आलाच, पण बागेचं वाचून ती तशीच सरांकडे गेली. सरांचं म्हणणं, डोळखांब कोण शोधत बसणार? बाहेरचे तज्ज्ञ आले तर बाग दाखवायला सोपी.

"सर, बागेत तो कृमीच नाही. हे खोटं आहे."

"तुझी पीएचडी अजून व्हायची आहे, नम्रता," सर शांतपणे म्हणाले.

त्या रविवारी तिने पाड्यावर जाऊन बुधीला सगळं सांगितलं. बुधी म्हणाली, "माती आमच्या शेतातली. मंग खोटा कशाला लिवायचा?"

नम्रताने तारखांसकट आपल्या नोंदवहीच्या झेरॉक्स काढून नियतकालिकाच्या संपादकांना पाठवल्या. सात महिन्यांनी अर्ध्या पानाची दुरुस्ती आली: डोळखांब, तालुका शहापूर, नाचणीचं शेत. तिच्या नावाबद्दल अक्षर नव्हतं. चित्रं विभागाच्या कामाचा भाग होती, असं सरांनी संपादकांना कळवलं होतं. पीएचडी तिथेच थांबली. तिने मुरबाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला सुरुवात केली.

दुरुस्ती तिने बुधीला मराठीत सांगितली. गावाचं नाव बुधीने दोनदा म्हणायला लावलं.

"मंग तुजा नाव कुठं हाय गो?"

"नाही छापलं, आजी."

"तर परत लिव."

तिने संपादकांना आणखी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. चौथं तिने मुरबाडच्या पोस्टातून रजिस्टर केलं.