आवाज गेलेल्या बाईची प्रार्थना

बसस्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या बाईचाच आवाज जावा, आता याला काय म्हणावं! दुसऱ्या कुणाचा घसा बसला तर चार दिवस गप्प राहून निभावतं. हिचं पोटच त्या आवाजावर. गाड्या तर ती पुकारायचीच, पण गर्दीत सुटलेली पोरं, विसरलेल्या पिशव्या, ताटातूट झालेली म्हातारी जोडपी, सगळ्यांची गाठ हिच्याच आवाजाने पडायची. अन् त्याच घशात गाठ निघाली. ऑपरेशन करून ती काढली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "महिनाभर एक शब्द काढायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. मग तपासू. आवाज येईलही, नाहीही यायचा." म्हणजे धड हो नाही अन् धड नाही नाही.

घरात दुसरं कुणी नव्हतं. नवरा देवाघरी गेलेला, मुलगा नोकरीसाठी परमुलखात. तो फोन करायचा आणि ही फोनवर नखाने टिचकी मारायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. "जेवलीस?" टक. "दुखतंय का गं?" टक टक. असे चार प्रश्न झाले की लेकाची गाडी अडायची. "बरं आई, ठेवू?" म्हणायचा. तू घरी कधी येणार, हे टिचकीने कसं विचारायचं सांगा.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. बाई देवाशीसुद्धा मोठ्यानेच बोलायची. भांडी घासता घासता प्रभूला सगळं सांगायची, कधी गोडीत, कधी चक्क भांडून. आता नुसते ओठ हलवून बघितले, तर काही केल्या प्रार्थना केल्यासारखं वाटेना. मनात एक वाक्य धरावं, तर ते पुरं व्हायच्या आत भीती मधे घुसायची. आवाज नाही आला तर? मग मी कोण? देवाला तरी माझं काही कळतंय का? अशी सैरभैर होऊन बिचारी खिडकीशी बसून राहायची.

त्यांच्या चर्चमध्ये एक रीत होती. उपासनेच्या शेवटी सगळे डोळे मिटून बसत आणि प्रार्थना बाकावरून पुढे सरकत जाई. एकाने मोठ्याने प्रार्थना करायची, सगळ्यांनी "आमेन" म्हणायचं, मग त्याने शेजारच्याच्या हाताला हात लावायचा, की त्याची वेळ. ऑपरेशननंतर बाई पहिल्यांदा गेली, तेव्हा तिच्या एका बाजूला सुतारकाका होते, दुसऱ्या बाजूला शाळेतल्या बाई. काका म्हणजे देवमाणूस. त्यांनी आपल्या प्रार्थनेत हिच्यासाठी अगदी कळवळून मागितलं. आणि मग, बिचारीला अवघडायला नको म्हणून, हिच्यापुढून हात लांब केला अन् थेट शाळेतल्या बाईंच्या हाताला लावला. त्यांनी प्रार्थना सुरू केली. झालं! माणसाने हात लांबवला आणि हिला देवासमोरून गाळलं. राग तरी कुणावर काढणार? काकांनी भल्यासाठीच केलेलं. बाईने चर्चला जाणंच सोडलं.

महिना सरत आला. सोमवारी तपासणी. रविवारी सकाळी मात्र घर असं खायला उठलं, की धुतलेला कप परत धुवून झाल्यावर बाईने चपला पायात सरकवल्या आणि निघाली. श्रद्धा उतू चालली होती म्हणून नव्हे हो. एकटीने बसवेना म्हणून.

बाक तोच, शेजारी तेच. काकांची प्रार्थना झाली, आमेन झालं आणि तो घट्टे पडलेला हात पुन्हा हिच्यापुढून निघाला. बाईने डोळेसुद्धा उघडले नाहीत. काकांचं मनगट पकडलं, खाली ओढलं आणि त्यांचा हात आपल्या हातावर ठेवून घेतला.

पुढची प्रार्थना सुरूच होईना. कुणाला कळेना, आता कुणाची वेळ?

बाईला आधी काही सुचेचना. मग मनातल्या मनात एकदम बांध फुटला. 'मला भीती वाटते रे देवा. रागावलेय मी तुझ्यावर. लोकांची हरवलेली माणसं मी शोधून दिली, आणि तू माझाच आवाज नेलास? एवढ्या मोठ्या घरात मला एकटीला टाकून कुठे गेलास?' सगळं सगळं ओकून टाकलं तिने. कुणी तिला घाई केली नाही. माइकवर ओरडून ओरडून पुकारलं तरी माणसं ऐकत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि इथे ओठही न हलवता कुणीतरी ऐकत होतं. जवळ बसून ऐकत होतं, उठून जात नव्हतं. 'आवाज दे,' ती म्हणाली. 'नाहीच दिलास, तर तू राहा. मग मी निभावेन.'

तिने शाळेतल्या बाईंच्या हाताला हात लावला.

त्या गोंधळल्या. ऐकलंच नव्हतं काही, मग आमेन कशाला म्हणायचं? तेवढ्यात सुतारकाकांचा भरून आलेला, घोगरा आवाज आला, "आमेन." आणि मागोमाग अख्खं चर्च म्हणालं, "आमेन!"

बाईने घशाला ताण न देता, जपून, पोटभर रडून घेतलं.